कापूस, जनुक आणि अकरावीचा अर्ज

दहावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत ‘ग्रुप कोणता घेणार?’ हा प्रश्न सुरू होतो. पीसीएम म्हणजे इंजिनिअरिंग, पीसीबी म्हणजे नीट. ज्या मुलीला या दोहोंपैकी कशातच जायचे नसते, तिच्याविषयी बोलताना पाहुण्यांचा आवाज खाली येतो. या लेखात ज्या दोन करिअरचा आढावा घ्यायचा आहे, ती दोन्ही या प्रश्नात मावत नाहीत. पहिले फॅशन डिझाइन. दुसरे संगणकीय जीवशास्त्र, म्हणजे जनुके, प्रथिने आणि विषाणू यांच्याविषयीचे प्रश्न गणित आणि संगणक वापरून सोडवणारे शास्त्र. पहिल्याला आपल्याकडे अजून शिवणकाम समजतात आणि दुसरे हे मेडिकलला नंबर न लागलेल्यांचे ठिकाण मानले जाते. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांचा तोटा या शहराला अधिक होतो, कारण दोन्ही क्षेत्रांना लागणारा कच्चा माल, जुने ज्ञान आणि आजचे उद्योग इथे तासा-दोन तासांच्या अंतरात आहेत.

फॅशनपासून सुरुवात करू. शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या आणि सतराव्या लेण्यातली चित्रे नीट पाहिली तर तो प्राचीन कापडाचा मोठा नमुनासंग्रहच आहे. आडव्या पट्ट्यांची वस्त्रे, हंसांची नक्षी असलेले कापड, अंगावर आहे की नाही असे वाटावे इतकी तलम वस्त्रे आणि त्यांच्या शेजारीच बाह्या शिवलेले अंगरखे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातल्या डॉ. मोतीचंद्र यांनी प्राचीन भारतीय वेशभूषेवर लिहिताना याच चित्रांचा आधार घेतला. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय पोशाखावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कपडा हा अभ्यासाचा विषय आहे, हे महाराष्ट्राला सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी ठाऊक होते. नंतर आपण ते विसरलो.

सगळेच विसरले असे मात्र नाही. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथैया, जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. पुढे मासिकांसाठी फॅशनची रेखाटने करता करता त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. १९६६ साली आलेल्या ‘आम्रपाली’चे कपडे करायचे ठरले तेव्हा त्यांनी अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांचा अभ्यास केला. चित्रातल्या स्त्रीला एकाच मुद्रेत राहायचे असते, नायिका वैजयंतीमालांना त्या कपड्यांत नाचायचे होते. चित्रातली रेघ उचलून ती कापडात आणायची, कापडाची चूण हालचालीत टिकवायची, तरी पाहणाऱ्याला पाचव्या शतकातल्या अजिंठ्याची आठवण व्हायला हवी, असे ते काम होते. १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले आणि त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. आपल्या जिल्ह्यातली लेणी त्यांच्या कामाची एक शाळा होती, ही गोष्ट इथल्या किती शाळांत सांगितली जाते?

अजिंठ्याइतकेच महत्त्वाचे माग आहेत. पैठणला विणली जाणारी पैठणी आणि शहरात विणला जाणारा हिमरू, ही दोन्ही वस्त्रे फॅशनच्या विद्यार्थ्याने एकदा तरी मागाजवळ बसून पाहावीत. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली असते. ताण्यातले धागे मोजून विणकर एकेक तिल्ली फिरवतो, रंग बदलतो तिथे दोन बाणे एकमेकांत अडकवतो आणि पुढे सरकतो. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर पुढून-मागून जवळजवळ सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. बांगडी मोर, असावली, मुनिया, नारळी काठ ही नक्षी डोक्यात आणि बोटांत साठवलेली असते. एक साडी विणायला काही आठवडे लागतात, पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेने बाजार भरला आहे आणि नक्षी त्यात तीच दिसत असल्याने गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. फरक सांगू शकेल असा शिकलेला माणूस विणकर आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये उभा असायला हवा. फॅशन डिझाइनच्या पदवीचा पहिला उपयोग मला हाच दिसतो.

हिमरूची रचना वेगळी. ताणा सुताचा, नक्षीचा बाणा रेशमाचा. पूर्वी मागाच्या वर एक जण बसून दोऱ्यांचा जाला ओढायचा आणि खालचा विणकर धोटा टाकायचा. कोणत्या ओळीला कोणते धागे वर उचलायचे, याची सगळी माहिती त्या जाल्याच्या गाठींत बांधून ठेवलेली असायची. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा ही कला इकडे आली, असे परंपरा सांगते. जाल्याची जागा पुढे जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतली. फ्रान्समध्ये जॅकार्डने तो माग १८०४ साली सिद्ध केला आणि त्या पुठ्ठ्यांवरूनच चार्ल्स बॅबेजला गणनयंत्राला सूचना देण्याची कल्पना सुचली. शहरात आज हिमरू विणणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत.

आता शिक्षणाकडे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत सुरू झाली आणि मुंबईचे केंद्र १९९५ साली. त्याआधी एसएनडीटीसारख्या विद्यापीठांत गृहविज्ञानाच्या अंगाने वस्त्रशास्त्र शिकवले जायचे, तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची ड्रेस डिझाइन आणि गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगची पदविका आजही अनेकींना कारखान्याचा दरवाजा उघडून देते. निफ्टच्या डिझाइन पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते. प्रवेशपरीक्षेत चित्र, सामान्य ज्ञान आणि हातात दिलेल्या साहित्यातून एखादी वस्तू उभी करून दाखवण्याची चाचणी असते. निफ्टचीच बी.एफ.टेक. ही कपडे उत्पादनाची पदवी आहे, तिला मात्र बारावीला गणित लागते. मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकांना ही दुसरी पदवी सहसा माहीतच नसते. खरे तर तिला नोकऱ्या अधिक आहेत.

गणित कशाला, असे कोणी विचारेल. माप घेतल्यापासून गणित सुरू होते. सपाट कापडातून गोलाई असलेले शरीर झाकायचे तर कुठे टक्स घ्यायचा, मुंढ्याची गोलाई किती ठेवायची, बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा किती मोठा हवा, ही सगळी भूमिती आहे. गल्लीतला चांगला टेलर ती अनुभवाने करतो. कारखान्यात एकच झगा सहा मापांत हजारोंच्या संख्येने निघतो, तिथे एका मापावरून दुसरे काढण्याचे नियम लिहून काढावे लागतात आणि सगळे तुकडे कापडाच्या ताग्यावर असे बसवावे लागतात की कापड कमीत कमी वाया जाईल. कापणीत सुमारे पंधरा टक्के कापड वाया जाते, असा उद्योगातला सर्वसाधारण अंदाज आहे. त्यातले दोन टक्के वाचवणाऱ्या मास्टरला कारखानदार जपतो. रंगाचेही तसेच. सुती कापडावर टिकणारा रंग पॉलिस्टरवर टिकत नाही, कारण तंतूचे रसायन वेगळे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे जुन्या यूडीसीटीचा, प्रारंभ १९३३ साली झाला तेव्हा कापडाचे रसायनशास्त्र हे तिचे एक मुख्य अंग होते. फॅशन म्हणजे फक्त रॅम्प आणि रेखाटने असे समजून आलेली मुले पहिल्याच वर्षी या रसायनाला आणि भूमितीला अडखळतात.

या शहरात फॅशनला आणखी एक पदर आहे. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत दक्षिण कोरियाची ह्योसंग कंपनी स्पॅन्डेक्स धागा बनवते. लेगिंगपासून खेळाडूंच्या कपड्यांपर्यंत जे जे ताणले जाते त्यात हा धागा असतो. वाळूजमध्ये गाड्यांचे कारखाने आहेत आणि गाडीच्या सीटचे कव्हरही कापून-शिवूनच होते, त्यालाही तेच संगणकावरचे पॅटर्न लागतात. शहरातले बुटीक आणि लग्नसराईचे कपडे यांचा धंदा तर आहेच. पण फॅशन शिकलेल्या मुलीला ‘आता बुटीक टाक’ एवढाच सल्ला मिळतो. भांडवल घरच्यांचे, गिऱ्हाईक ओळखीचे आणि उधारी कायमची. एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात तीन-चार वर्षे उमेदवारी केल्याशिवाय स्वतःचे दुकान टाकू नये असे माझे ठाम मत आहे. मूळ विदिशाच्या वैशाली षडांगुळे यांनी देशातले हातमाग घेऊन काम केले आणि २०२१ साली पॅरिसच्या ओत कुतूर सप्ताहात स्वतःचे कपडे मांडणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. विणकराजवळ बसून केलेल्या कामाला जगात किंमत येते, याचा हा ताजा पुरावा आहे.

विणकराच्या धाग्याचा माग काढत मागे गेलो की आपण शेतात पोहोचतो आणि तिथे दुसरा विषय सुरू होतो. जालना इथून तासाभरावर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली ती महिको-मोन्सॅन्टोच्या बियाण्याला. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घालणे. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनांना चिकटते आणि अळी मरते. काही वर्षे ते छान चालले. मग गुलाबी बोंडअळी या विषाला दाद देईना, आणि २०१७ च्या हंगामात तिने मराठवाडा-विदर्भाचा कापूस पोखरून काढला. शेतकऱ्याने बोंड फोडले की आत अळी, आणि बियाणे तर महागाचे घेतलेले. त्या आधीच, २०१४ साली, भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अळीच्या कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकात अनेक तऱ्हांचे बदल झाले होते, त्यामुळे विष चिकटायला जागाच राहिली नव्हती. एका देशातल्या अळ्यांत इतके वेगवेगळे बदल सापडणे, हे डोळ्यांनी पाहून कळण्यासारखे नव्हते. हजारो अक्षरांच्या जनुकक्रमांची एकमेकांशी तुलना करूनच ते दिसले. संगणकीय जीवशास्त्र म्हणजे काय, याचे मराठवाड्याला समजेल असे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

त्या तुलनेमागची युक्ती १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी मांडली. दोन जनुकक्रम समोरासमोर ठेवायचे तर कुठे मोकळी जागा सोडावी याचे पर्याय इतके की सगळे तपासणे कोणत्याही संगणकाला अशक्य. त्यांनी एक क्रम आडवा, दुसरा उभा ठेवून चौकटींचा तक्ता केला आणि प्रत्येक घराचे गुण शेजारच्या तीन घरांवरून काढले. नक्षी काढणारा चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत जातो तसे हे घर भरत गेले की शेवटच्या घरात सर्वोत्तम उत्तर मिळते. हे समजायला दहावीचे गणित आणि थोडी चिकाटी पुरते. त्यापुढचे मात्र अवघड होत जाते: संभाव्यता, मॅट्रिक्स, कलन, आणि आता यंत्रशिक्षण.

महाराष्ट्रात या विषयाचे घर पुण्यात आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ च्या सुमारास देशभर जैवमाहितीची केंद्रे उभी करायला घेतली, त्यातले एक पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झाले. डॉ. अशोक कोळसकर यांनी ते उभे केले. १९९० साली त्यांनी आणि पी. सी. टोणगावकर यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली: प्रथिनाचा कोणता तुकडा शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल, याचा अंदाज केवळ त्यातल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून बांधायचा. अचूकता सुमारे पंचाहत्तर टक्के. लस बनवताना प्रयोगशाळेत कुठून सुरुवात करायची हे अशा अंदाजावरून ठरते आणि ती पद्धत आजही जगभरच्या संशोधकांच्या साधनपेटीत आहे. १९९९ साली कोळसकर आणि डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदुज्वराच्या विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकावर बांधून दाखवली. त्याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले, १९९१ साली परम महासंगणक आला आणि जैवमाहितीचे संशोधन तिथेही रुजले. नागपूरला भौतिकशास्त्र शिकलेले शेखर मांडे प्रथिनांच्या रचनांकडे वळले, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक झाले आणि २०१८ साली सीएसआयआरचे महासंचालक. शर्मिला मांडे यांनी टीसीएसमध्ये माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंच्या समूहांवर संगणकीय संशोधन उभे केले, म्हणजे हे काम विद्यापीठांपुरते राहिले नाही. या नावांकडे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. यांपैकी कोणाचेही काम केवळ जीवशास्त्राच्या जोरावर झालेले नाही. प्रत्येकाच्या हातात भौतिकशास्त्राचे किंवा गणिताचे हत्यार होते.

संभाजीनगरचे स्वतःचे उदाहरणही आहे, आणि ते शहरात पुरेसे माहीत नाही याचे मला वाईट वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधतेचे केंद्र आहे. त्याला पॉल हेबर्ट यांचे नाव दिलेले आहे. कॅनडाच्या गेल्फ विद्यापीठातल्या या जीवशास्त्रज्ञाने २००३ साली कल्पना मांडली की प्राण्यांच्या पेशीतल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला, तर जात ओळखता येते. माशाचा एक खवला, पंखाचा तुकडा, बाजारातला कापलेला मासा, काहीही चालते. इथल्या केंद्राच्या नावावर नर्मदेतल्या माशांच्या बारकोडवरचा २०१४ सालचा शोधनिबंध आहे. बारकोडचा संग्रह मोठा व्हायचा तर जाळे टाकणाऱ्या कोळ्यापासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलापर्यंत सगळे लागतात. पैठणच्या नाथसागर जलाशयावर ज्यांची घरे चालतात त्या मच्छीमारांना प्रत्येक माशाचे स्थानिक नाव, हंगाम आणि खोली ठाऊक असते. ती माहिती आणि साडेसहाशे अक्षरे एकाच नोंदीत आली की शास्त्र पुरे होते.

करोनाच्या काळात या कामाची गरज लोकांना प्रथमच टीव्हीवर दिसली. पुढे डेल्टा नाव मिळालेला वंश ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यांत आढळला होता आणि २०२१ च्या सुरुवातीला विदर्भात पसरत होता. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले, त्यात पुण्याच्या संस्था होत्या. नमुना गोळा करणारे हात पुष्कळ होते, जनुकक्रम वाचून त्याच दिवशी अर्थ लावू शकणारी माणसे फार थोडी. ही उणीव तेव्हा महागात पडली.

नोकऱ्यांचे चित्र मात्र सरळ सांगायला हवे. बियाणे कंपन्या, आजारांच्या जनुकचाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा, औषध कंपन्यांचे डेटा विभाग, आयटी कंपन्यांच्या जीवविज्ञान शाखा आणि सरकारी संशोधन प्रकल्प, ही ठिकाणे आहेत. आपल्याच शहरात वोक्हार्टने मानवी इन्सुलिन बनवले, ते २००३ साली बाजारात आले. चिकलठाणा, वाळूज, पैठण रस्ता या पट्ट्यात औषधांचे कारखाने उभे आहेत. पण यातली बहुतेक कामे उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीची आहेत, संगणकीय संशोधनाची खुर्ची पुणे, बेंगळुरू, हैदराबादला असते. एम.एस्सी. नंतर लगेच चांगल्या पगाराची आशा धरू नये. नेट, गेट, प्रकल्प सहायकाची एक-दोन वर्षे, मग पीएच.डी. किंवा उद्योग, असा रस्ता बहुतेकांच्या वाट्याला येतो. शिवाय जुने सोपे प्रकल्प आता चालत नाहीत. औषधाचा रेणू प्रथिनात बसतो का हे तयार सॉफ्टवेअरवर पाहायचे आणि प्रबंध लिहायचा, असे वर्षानुवर्षे झाले. २०२० साली अल्फाफोल्डने प्रथिनांच्या रचनांचा अंदाज इतका अचूक केला, की २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाला. बटण दाबणाऱ्याचे काम यंत्राने घेतले. प्रश्न विचारणाऱ्याचे उरले आहे आणि वाढलेही आहे. फॅशनमध्येही एका वाक्यावर शंभर रेखाटने देणारी यंत्रे आली आहेत. त्यातले कोणते रेखाटन कापडात उतरेल, हे सांगायला मात्र कापड हातात घेतलेला माणूस लागतो.

या सगळ्याला एक फार मोठी अनुकूल गोष्ट आहे, आणि प्रयोगशाळा नसलेल्या गावातल्या मुलांसाठी ती जास्तच मोलाची. जगातले जनुकक्रम, प्रथिनांच्या रचना, रेशीमकिड्याचा जनुकसंच (त्याचा पहिला मसुदा २००४ सालचा), देशी कापसाचा जनुकसंच (२०१४), हे सारे विनामूल्य उपलब्ध आहे. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि लिनक्स शिकण्याची तयारी एवढ्यावर कन्नडच्या किंवा सिल्लोडच्या महाविद्यालयातली मुलगी खऱ्या डेटावर खरे काम करू शकते. तिला तिथे अडवते ते गणित, कारण ते तिने अकरावीला सोडलेले असते.

या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. नीटला गणित लागत नाही, म्हणून जीवशास्त्र घेणारी मुले गणित टाकतात आणि शिकवणीचे क्लास त्यांना तसेच सांगतात. लातूर पॅटर्नच्या प्रदेशात याला फारसा कोणी आक्षेपही घेत नाही. २०२४ साली देशात तेवीस लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली, आणि एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाहून कमी होत्या. म्हणजे उरलेल्या बावीस लाखांसाठीही आपण सोळाव्या वर्षी गणिताचे दार लावून टाकतो. त्यातली अनेक मुले बी.एस्सी. ला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेतात, तिथे त्यांना या विषयाची ओढ लागते, आणि विसाव्या वर्षी मॅट्रिक्स आणि संभाव्यता पहिल्यापासून शिकावी लागते. हुशार मुले तेही करतात. पण किती जणांनी ओढ असूनही पाय मागे घेतला, याची नोंद कुठेच राहत नाही. दुसऱ्या बाजूला, चित्र चांगले काढणाऱ्या मुलीला कला शाखेत घातले जाते, तिथे रसायन आणि भूमिती सुटते, आणि मग ती पॅटर्न बनवण्याच्या तासाला घाबरते. एकीला चित्रापासून आणि दुसरीला गणितापासून तोडणारी ही वाटणी ना विणकरांनी केली होती, ना अजिंठ्याच्या चित्रकारांनी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती पाडण्याचे वचन आहे. ते महाविद्यालयांच्या वेळापत्रकात उतरेपर्यंत पालकांनाच सावध राहावे लागेल.

शहरातली साधने पाहिली तर काम अशक्य वाटत नाही. सिडको एन-सहामधल्या एमजीएमच्या एकाच आवारात डिझाइनची शाळा आहे आणि जीवविज्ञान-तंत्रज्ञानाची संस्थाही. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी स्थापलेले मिलिंद महाविद्यालय, देवगिरी महाविद्यालय, शासकीय कला महाविद्यालय, विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, हे सारे रिक्षाने फिरता येईल इतक्या अंतरात आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी पैठणच्या विणकरांजवळची नक्षी धाग्यांच्या हिशेबासह नोंदवावी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिची शोधता येईल अशी सूची करावी, हा एका सत्राचा प्रकल्प आहे. त्याने यंत्रमागाची नकल ओळखणेही सोपे होईल. मराठवाड्यातले शेतकरी तुतीवर रेशीमकिडे वाढवू लागले, २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे, पूर्वी हेच कोष घेऊन त्यांना कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागे. तरी पैठणच्या मागावरचे रेशीम बरेचसे बेंगळुरूकडून येते. इथला कोष आणि इथला माग यांच्यामध्ये चांगल्या सुताची जी उणीव आहे, तिच्यात किड्याच्या वाणाचे जीवशास्त्रही आहे आणि कापडाची जाणही.

देशी कापसाचे तर त्याहून मोठे काम पडून आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पीए २५५ आणि पीए ४०२ यांसारखे लांब धाग्याचे देशी वाण काढले. देशी कापूस कमी पाण्यात तग धरतो, रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देतो, पण गिरण्यांना संकरित अमेरिकन कापसाच्या धाग्याची सवय झाली आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाचे कापड विणते, म्हणजे हाताने सूत काढून विणण्याचे कौशल्य या विभागात जिवंत आहे. देशी वाणांतली धाग्याच्या लांबीची जनुके शोधणे हे एका मुलीचे काम, आणि त्या धाग्याचा पोत शोभेल असा कपडा काढणे हे दुसरीचे. दोघी आज याच शहरात, कदाचित एकाच शाळेच्या दहावीच्या वर्गात बसलेल्या असतील.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्ज भरताना जीवशास्त्राची आवड असणाऱ्या मुलांनी भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्याबरोबर गणितही घ्यावे, नीट द्यायची असली तरी घ्यावे. चार विषयांचा भार आहे, तो उचलता येतो. ज्यांना कपड्यांकडे जायचे आहे त्यांनी विज्ञान शाखा टाळू नये, आणि कला किंवा वाणिज्य घेतलेच तर गणित ठेवता येते का हे महाविद्यालयात जाऊन विचारावे. चित्राची वही दोघींनीही चालू ठेवावी. संगणकावर पहिला प्रोग्रॅम लिहायला बारावी होईपर्यंत थांबायचे कारण नाही. आणि मे महिन्याच्या सुटीत क्लासला नाव घालण्याआधी एक दिवस पैठणला जावे: सकाळी मागावर, दुपारी नाथसागराच्या काठावर मच्छीमारांच्या होड्यांजवळ.